काळ अधिक की उणे

ज्ञानेश शिरूरच्या कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवतो, मी दौंडला तशीच. एम.एस्सी.पासून आम्ही दोघं मिळून एक मॉडेल बांधत होतो. माहीत असलेल्या मूलकणांत आम्ही एका नव्या कणाची भर घातली होती, आणि गणित तर छान जमलं होतं. सोमवारी पुण्यात ज्ञानेशची कायमच्या नोकरीसाठी मुलाखत होती. तिथं तो हेच मॉडेल मांडणार होता.

रविवारी मी सगळा लेख सलग वाचायला घेतला आणि मध्यावर एका चिन्हापाशी अडकले.

आमच्या धंद्यात काळ आणि अवकाश यांना उलट चिन्हं द्यावी लागतात. काही जण काळ अधिक धरतात, काही उणे. दोन्ही चालतं, उत्तर एकच येतं. तरी भांडणं होतातच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. अट एवढीच की एका लेखात एकच पद्धत हवी. गाडी डावीकडून चालवा नाहीतर उजवीकडून, पण रस्त्यावर सगळ्यांनी एकाच बाजूनं. ज्ञानेशनं त्याचा भाग काळ अधिक धरून लिहिला होता, मी माझा उणे धरून. आणि आम्ही ते दोन्ही सरळ जोडले होते.

मी ज्ञानेशला फोन केला आणि पाटसवरून मधल्या चौफुल्याला गेले. तो शिरूरहून मोटरसायकलवर आला. हॉटेलात बसून त्यानं गणित पुन्हा केलं.

"तुझं बरोबर हाय, माझं बी बरोबर हाय."

"जोडताना चुकलं."

चिन्ह दुरुस्त केल्यावर कणाच्या वस्तुमानाचा वर्ग उणे येत होता. म्हणजे आमच्या मॉडेलात रिकामं अवकाशसुद्धा धड टिकत नव्हतं, कण कुठला राहायला!

त्यानं कागद बाजूला सारले. मग म्हणाला, "कमिटीला कळायचं न्हाई. एवढी पानं कोण तपासतंय?"

"मला कळलं की."

"तुझी न्हाई ना मुलाखत, तहमीना."

मला संताप आला. त्याचं खरं होतं म्हणून जास्तच आला. चहा तसाच टाकून मी एसटी पकडली आणि घरी येऊन अम्मीवर उगाच खेकसले.

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पयल्याच स्लाइडला सांगितलं, हा कण न्हाई म्हणून. चूक कुठं झाली तेबी दाखवलं."

"मग?"

"एक मॅडम हसल्या. म्हणल्या, आमच्याकडं बी झालंय असं एकदा."

"आणि पोस्ट?"

"दुसऱ्याला दिली."

मला रडू फुटलं. नोकरी त्याची गेली आणि रडत होते मी. तो मात्र साध्या आवाजात बोलत राहिला.

"तुझ्यामुळं न्हाई गेली, रडू नको. मला दुसरंच वाईट वाटतंय. इतकी वर्षं संगं काम केलं, आन् तू काळ कसा धरतीस ते मी कवा विचारलंच न्हाई."

मीही विचारलं नव्हतं. दुसरा आपल्यासारखाच धरत असणार, असं दोघंही समजून चाललो होतो.