तालमीत नसलेलं बोलणं

कॉलेजात काहीही झालं की त्याची बातमी वनमालाच्या हातून जायची. वृक्षारोपण असो, रक्तदान असो, कुणाचं नाव युवक महोत्सवाला निघालेलं असो, ती चार ओळी लिहायची, भित्तिपत्रकावर लावायची आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. आष्टीकडची पोरगी, आवाज खणखणीत. त्यामुळं सूत्रसंचालनही तिच्याकडंच आलं होतं. विद्यार्थी विकास विभागाचे विजयसिंह सर तिला कौतुकानं 'आमचं रेडिओ स्टेशन' म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं.

वसतिगृहात तिच्या खोलीवर दिपाली होती. शिरूर कासारच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला तिचं गाव. दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचे आणि पोरगी वसतिगृहात राहायची. दिपाली बोलायला कमी, पण गायला लागली की पोरी ताटावरून उठून यायच्या. जात्यावरच्या ओव्या तिला आईनं शिकवल्या होत्या. घरी जातं कुठं होतं? पण आईला, मुक्ताबाईला, ओव्या पाठ होत्या, आणि उसाच्या फडात मोळ्या बांधताना ती त्या म्हणायची.

यंदाच्या स्नेहसंमेलनात दिपालीनं त्याच ओव्या म्हटल्या. वनमालानंच तिचं नाव पुकारलं होतं. टाळ्या थांबेनात. दिपाली हसत खाली आली, पिशवीतून फोन काढला आणि आईचे मिस कॉल बघून म्हणाली, "बग, नेमकं आताच. तिला सांगायचं तर तिचाच फोन."

तिनं उलटा फोन लावला तो बापानं उचलला. मुक्ताबाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढत होती. सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं. फळीवरून ती पडली ती उठलीच नाही.

दिवस घालून दिपाली परत आली. बापही ऊसतोडीच्या टोळीवर परत गेला होता. मुकादमाच्या कामाला सुतक नसतं. पोरी सुरुवातीला तिच्याभोवती बसल्या, मग परीक्षा जवळ आली आणि ज्या त्या अभ्यासाला लागल्या. दिपाली जेवायला जायची, ताट वाढून घ्यायची आणि तसंच सोडून यायची. वनमालाला कधी जाग आली तर ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची.

"झोप की गं."

"झोप येत न्हाई, वनी." आणि मग एकदम, "तिला काय सांगायचं आसंल? मला म्हणायची, दिवसा फोन करून तुझा आब्यास मोडायचा न्हाई. मग त्या दिवशी कावून केला आसंल?"

वनमाला कूस बदलायची. ती पांघरूण ओढून पडून राहायची. एकदा दिपाली म्हणाली, "मला लई थकल्यागत वाटतंय. आता नुसतं संपावं वाटतंय." तेव्हा मात्र सकाळी उठून वनमाला सरळ विजयसिंह सरांकडं गेली.

कॉलेजात समुपदेशन कक्ष होता. त्याची फीत कापली तेव्हाची बातमी वनमालानंच लिहिली होती, 'विद्यार्थ्यांच्या मनाला मिळाला हक्काचा आधार.' बीडहून एक समुपदेशक बाई आल्या होत्या, दर शनिवारी येणार होत्या, पण फीत कापायला आल्या त्यानंतर दिसल्या नाहीत. कक्षाला कुलूप लागलं. आत संमेलनाचे पडदे, मोडक्या खुर्च्या आणि कुस्तीच्या गाद्या रचून ठेवल्या होत्या.

"सर, दिपालीचं काही खरं नाही. त्या बाईंना बोलवा. नाहीतर तिला कुठं दाखवायचं ते तरी सांगा."

सरांनी मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो, पण त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कॉलेजचा दर्जा ठरवणारी समिती यायची होती. "समिती येऊन जाऊ दे, मग बघू," ते म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखं थांबले. "असं कर. समितीला कक्ष चालू दाखवायचाच आहे. तू ती दोन दिवसांची 'विद्यार्थी मित्र' कार्यशाळा केलीस ना? तू समुपदेशन करतेस असं दाखवू. समोर दिपालीला बसव. तिचा चेहरा तसाही उतरलेलाच आहे."

वनमालाला ते टोचलं. पण तिच्या मनात आलं, निदान कक्ष तरी उघडेल. एकदा उघडला की मग बंद करताना लाजतील. असं स्वतःला समजावत तिनं दिपालीला विचारलं. दिपाली म्हणाली, "तू म्हणशील तसं."

शिपाई मुंजाजी मामांनी गाद्या बाहेर काढल्या, फरशी पुसली, कुंडी आणून ठेवली. सरांनी संवाद ठरवून दिला. दिपालीनं परीक्षेची भीती वाटते म्हणायचं, वनमालानं दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं, दिपालीनं श्वास घेऊन 'आता हलकं वाटतंय' म्हणायचं. तालीम झाली. दिपालीनं एकही शब्द चुकवला नाही.

समिती आली त्या दिवशी फाटकापासून रांगोळी होती. लेझीम झालं, फेटे झाले. समितीत तीन माणसं, अध्यक्ष दक्षिणेकडचे, बाकी एक बाई आणि एक प्राध्यापक, तेही परराज्यातले. मराठी कुणालाच येत नव्हती. प्राचार्य आणि विजयसिंह सर त्यांना घेऊन कक्षाच्या दारात उभे राहिले.

"बोल दिपाली," वनमाला ठरल्याप्रमाणं म्हणाली, "काय त्रास होतोय?"

दिपालीनं तिच्याकडं बघितलं. मग कुंडीकडं बघितलं आणि म्हणाली, "माझी आय मेली."

प्राचार्य दारातून अर्धं पाऊल पुढं आले.

"मी गाणं म्हणत व्हते. ती फोन करत व्हती आन् मी गाणं म्हणत व्हते. लोकं टाळ्या वाजवत व्हते. तिला बरं वाटत नसंल, तिला वाटलं आसंल पोरीला सांगावं. मी उचलला आस्ता तर ती तेवढा येळ खाली बसली आस्ती. फळीवर गेली नस्ती." तिचा आवाज चढला नाही, रडूही आलं नाही. "मला झोपच येत न्हाई. मला जगू वाटत न्हाई. हे मी कुणाला सांगू? इथं तर कुलूप आस्तंय."

अध्यक्षांनी सरांकडं वळून विचारलं, मुलगी काय म्हणते आहे. सरांनी प्राचार्यांकडं बघितलं. मग हसून हिंदीत म्हणाले, "परीक्षा का टेन्शन है सर. घर की याद आती है. गाँव की लड़कियाँ हैं."

वनमालाला हिंदी येत होती. आवाज तर तिच्याकडं होताच, गावाला ऐकू जाईल असा. सगळेजण आता तिच्याकडं बघत होते, सर डोळ्यांनी खुणावत होते, आणि तिच्या तोंडून आपोआप, सूत्रसंचालन केल्यासारखं निघून गेलं, "दीर्घ श्वास घे, दिपाली."

दिपालीनं श्वास घेतला. "आता हलकं वाटतंय," ती म्हणाली.

समितीतल्या बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. 'व्हेरी नॅचरल' म्हणाल्या. मग सगळे ग्रंथालयाकडं गेले.

वनमालाला दिपालीशी बोलायचं होतं. पण सभागृहात समारोप होता आणि माईक तिची वाट बघत होता. "मी आलेच," ती म्हणाली. दिपालीनं मान हलवली.

स्वागत झालं, प्राचार्यांचं भाषण झालं. पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायला वनमाला उभी राहिली आणि सवयीनं तिनं मुलींच्या रांगांवरून नजर फिरवली. दिपाली नव्हती. 'मी यांना विनंती करते की' इथवर ती बोलली आणि थांबली. सभागृह बघत राहिलं. तिनं माईक टेबलावर ठेवला आणि बाजूच्या दारानं बाहेर पळाली.

कक्षात दिपाली नव्हती. वसतिगृहाची खोलीही रिकामी. ती पळत परत आली तर मुंजाजी मामा कक्षात गाद्या परत टाकत होते. "ती पोरगी? मैदानाच्या मागं गेली की. शेततळ्याकडं."

"मामा, चला!" एवढंच ती ओरडली. मामांनी तिचा चेहरा बघितला आणि गादी तिथंच टाकली.

शेततळं कृषी विभागाचं होतं, कुंपण एका बाजूनं तुटलेलं. तळाला अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाहीत, त्यामुळं पाण्यातून माणसाला वर येता येत नाही. दिपालीची ओढणी आधी दिसली, मग हात. मुंजाजी मामा कुंपणाच्या तारेला एका हातानं धरून खाली उतरले, वनमालानं मामांचा सदरा धरला. तार मामांच्या तळव्यात घुसली, पण त्यांनी सोडली नाही. दोघांनी मिळून तिला ओढून वर काढलं. तिनं पाणी ओकलं, श्वास घेतला आणि डोळे मिटूनच म्हणाली, "सोडा मला."

"न्हाई सोडत," वनमाला म्हणाली. तिनं दिपालीचं मनगट आणखी घट्ट धरलं.

सभागृहात टाळ्या चालू होत्या. वनमाला माईक सोडून पळाली म्हणून तिच्या मागं निघालेले विजयसिंह सर धावत आले आणि त्यांनी स्वतःची गाडी मागच्या फाटकाला लावली. गाडीत ते घामानं भिजले होते. "पाय घसरला म्हणायचं," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "पोरींनो, पाय घसरला असंच म्हणायचं, बरं का." दिपालीचं डोकं मांडीवर घेऊन वनमाला बसली होती. ती तिच्या केसांतलं पाणी पुसत राहिली.

बीडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र वनमालानं सगळं सांगितलं. सर बाजूलाच उभे होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

तिथं मनाचे डॉक्टर होते. तरुण होते, बोलायचे थोडं, ऐकायचे जास्त. दिपाली त्यांच्यापुढं पहिल्यांदा रडली, आणि बाहेर बाकावर बसलेल्या वनमालाला ते ऐकू आलं. कितीतरी वेळ ती रडत होती. गोळ्या सुरू झाल्या. दिपालीला झोप लागू लागली.

बजरंग, तिचा बाप, फडावरून आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी. उसाच्या पात्यांनी हात चिरलेले. तो लेकीच्या पायाशी बसला.

"आबा," दिपाली म्हणाली, "आयनं फोन कावून केलता?"

बजरंगनं तिच्या पायावरची चादर सारखी केली. "मला म्हाईत न्हाई गं बाई. मी तिकडल्या सरीत व्हतो." मग म्हणाला, "मी तिला म्हनलं व्हतं, बस जरा. ती म्हणली, एवढी मोळी टाकते आन् बसते. मीच हात धरून बसवाय पायजे व्हतं." आणि तो माणूस पटक्याच्या सोग्यात तोंड घालून रडला. आपल्याबरोबर बापही तेच ओझं घेऊन फिरतोय, हे दिपालीला तेव्हा कळलं. त्यानं तिला हलकं वाटलं की आणखी जड, हे तिलाच सांगता आलं नसतं.

वसतिगृहानं तिला परत घेतलं नाही. जबाबदारी कोण घेणार, असं प्राचार्य म्हणाले. गावात घराला कुलूप होतं. बजरंग म्हणाला, "टोळीवर नेतो. पाचटाच्या कोपीत भाकरी करंल, माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल." डॉक्टर म्हणाले, औषध मोडू नका, महिन्याला घेऊन या. बजरंगनं हो म्हटलं. कऱ्हाडाकडच्या फडावरून महिन्याला बीडला येणं कसं जमणार, हे त्यालाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. परीक्षा बुडाली. स्टँडवर वनमाला म्हणाली, "माझं चुकलं, दिपे. मी तिथंच बोलाय पायजे व्हतं."

"व्हय," दिपाली म्हणाली, "बोलाय पायजे व्हतं." मग तिनं वनमालाचा हात दाबला आणि बापामागं गाडीत चढली.

सरांचा निरोप आला, समितीच्या भेटीची बातमी लिही. वनमालानं लिहिली. कक्षाला कुलूप असतं. तिथं बाई येत नाहीत. त्या दिवशीचं समुपदेशन नाटक होतं. कुणाला जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत, ते नीट ऐकतात. एकटीला जायची भीती वाटली तर मी सोबत येईन. दिपालीचं नाव तिनं कुठंही लिहिलं नाही. ग्रुपवर ती बातमी जेमतेम तासभर टिकली. ती काढली, वनमालालाही काढलं. भित्तिपत्रक दुसऱ्या मुलीकडं गेलं, माईकही गेला. विजयसिंह सर समोर आले की रस्ता बदलायचे. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला, फाटकावर अभिनंदनाचा मोठा फलक लागला.

नंतर एका संध्याकाळी चकलांब्याची रोहिणी, पहिल्या वर्षाची, खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कुणाशी न बोलणारी पोरगी.

"ताई, त्या डॉक्टरचं कधी आस्तंय?"

"कुणाला दाखवायचंय?"

रोहिणी खाली बघत म्हणाली, "मलाच."

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. रांग मोठी होती. नंबर येईस्तोवर दुपार झाली, आणि मग कळलं, डॉक्टर त्या दिवशी रजेवर आहेत, सोमवारी येतील. रोहिणीनं ओठ आवळले. वनमाला तिला घेऊन बाहेर आली, दोघींनी चहा घेतला, आणि सोमवारी त्या परत गेल्या.