एकाच उत्तराची झोळी

मी एक जुना डेलिगेट आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो! कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये राहणारा मी एक साधा निरोप्या. आमच्या लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांच्या भाचीने, म्हणजे ताईने, मला लिहिलं. मावशींनी बटण दाबलं की तपासनिसाला विचारायचं, "ड्रम फिरवू का?" आणि त्याचं उत्तर यंत्राला आणून द्यायचं, एवढंच माझं काम.

सुरुवातीला तपासनीस एकच होता, दाराचा. तो म्हणेल ते मी इमानेइतबारे पोचवायचो. "काय गुणी आहे गं तुझं हे पोर!" मावशी ताईला म्हणायच्या. मी नुसता फुलून जायचो.

मग ताईने वजनाचा तपासनीस जोडला. मावशींनी नोंदवलेल्या कपड्यांपेक्षा आतलं वजन जास्त भरलं की त्याने अडवायचं. त्याच्यामागून उष्णतेचा आला. मी तिघांकडे ओळीने जायचो, तिघांचंही ऐकायचो. पण माझी झोळी एकाच उत्तराची! नवं आत पडलं की आधीचं बाहेर. यंत्रापर्यंत पोचायचं ते शेवटच्याचं. तिघंही रोज "हो"च म्हणत, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही.

एका दुपारी मावशी चादरी आत टाकून, दार उघडंच ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायला गेल्या. तेवढ्यात त्यांची लाडकी मांजर, कापशी, त्या चादरींत शिरून झोपली. मावशींनी येऊन दार लावलं, बटण दाबलं. दाराचा म्हणाला, "हो." वजनाचा ओरडलाच, "नाही! वजन वाढलंय!" उष्णतेचा म्हणाला, "हो." आणि मी, मित्रांनो, "हो" घेऊन गेलो.

ड्रम फिरला. आतली धडपड ऐकून मावशींनी धावत येऊन दार ओढलं. कापशीचा जीव वाचला, पण तिचा मागचा पाय मोडला होता.

"तो वजनाचा काढून टाक आधी," मावशी रडत रडत ताईला म्हणाल्या. "ऐन वेळी मुका बसला मेला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलला तो आणि बोलणी खाल्ली त्यानेच. मी मात्र गुणी पोर! तोंड असतं तर लपवलं असतं.

ताई त्याला काढायलाच बसली होती. जाता जाता तिने त्या दुपारचं प्रत्येकाचं उत्तर पडद्यावर वेगवेगळं उमटवून पाहिलं.

"अगं मावशी, हा तर 'नाही' म्हणतोय! निरोप्याच वाटेत सांडतोय." मग ती स्वतःशीच म्हणाली, "आणि तिघांना याच्या हाती मीच दिलं."

"उगीच बोलले गं मी बिचाऱ्याला," मावशी पुटपुटल्या.

आता ताईने रीत बदलली आहे. प्रत्येकाला वेगळं विचारायचं, वेगळं ऐकायचं. एकानेही "नाही" म्हटलं की ड्रम जागचा हलत नाही.

परवा वजनाचा पुन्हा अडला. मावशींनी सगळ्या चादरी उपसल्या. आत निघाला एक विसरलेला ओला टॉवेल.

"म्हणू दे त्याला," त्या म्हणाल्या. "बघायला काय जातंय?"

मित्रांनो, चार जणांना विचारलंत तर चौघांचंही ऐकून घ्या. शेवटचा "हो" म्हणाला म्हणून आधीच्याचा "नाही" सांडू नका. मी सांडला. कापशीचा पाय बरा झालाय, ती दुकानभर हिंडते, पण ड्रम फिरू लागला की उठते आणि लंगडत बाहेर निघून जाते.