माझी खडखड

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. एका शाळेच्या यंत्रमानवाच्या खांद्यात मी राहत असे. यंत्रमानवाने ओझं उचललं की टाळ्या त्याला मिळतात, मला कोणी विचारत नाही. पण मोटर मोठी उतावळी असते. भिरभिर फिरते आणि अंगात जोर नाही. मी तिला सबुरीने घ्यायला लावतो, मग तिचा वेग कमी होतो आणि जोर वाढतो. एवढंच माझं काम, पण त्यावाचून सगळ्यांचं अडतं.

माझा जन्म एका भांडणातून झाला. भांडण सख्ख्या भावाबहिणीचं. भाऊ यंत्रमानव बनवणाऱ्या गटाचा कप्तान होता आणि शाळेतलं त्याचं ते शेवटचं वर्ष. आदल्या स्पर्धेत त्यांचा यंत्रमानव स्वतः बनवलेल्या गिअरबॉक्सपायी भर मैदानात रुसून बसला होता. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. बहीण त्याच्याहून लहान. तिच्या हातात कायम कानस असे आणि बोलणंही तसंच खरखरीत, म्हणून सगळे तिला कानसच म्हणत.

"सगळे गिअरबॉक्स विकत घेऊ," भाऊ म्हणाला. "खोक्यातून काढायचे, बसवायचे, विषय संपला."

"चाकांसाठी घे की, मी कुठे नाही म्हणते? पण हाताचं काय? दुकानातला एकही आपल्या यंत्राच्या खांद्यात मावत नाही."

"मग हात लहान करू."

"आणि स्पर्धेतली जड पेटी वरच्या फळीवर काय फुंकर मारून ठेवणार?"

सर बाजूला चहा पीत ऐकत होते. त्यांच्या कार्यशाळेची एक रीत होती. एखाद्या गोष्टीला जो नको म्हणेल, त्यानेच तिची चाचणी घ्यायची. सर म्हणाले, "कानस बनवेल. कप्तान, चाचणी तुझी." भावाने मान डोलावली, पण चेहरा पडलेलाच होता.

खरं सांगायचं तर माझी दातेरी चाकं विकतचीच आहेत. तो डौल मी मिरवणार नाही. पण ती चाकं ज्यात बसली त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कानसने कापल्या, घासल्या, त्यांना भोकं पाडली. तिने चाकं एकमेकांना अगदी घट्ट भिडवली. मी फिरलो तेव्हा जराही आवाज झाला नाही. मलाच माझं कौतुक वाटलं.

चाचणीच्या दिवशी भावाने पेटीत वाळू भरली आणि हात वर-खाली करायला लावला. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. कानस ऐटीत उभी होती. पण काम करता करता मी तापलो, माझी चाकं किंचित फुगली आणि त्यांना हलायला जागाच उरली नाही. मी अर्ध्यावर गच्च अडकलो. पेटी खाली आदळली आणि वाळू फरशीभर पसरली.

कानसने वाकून रिकामी पेटी उचलली. मग म्हणाली, "घे दादा विकतचा. हात लहान करू."

भाऊ आता म्हणेल, 'मी सांगत नव्हतो?' मी तेच ऐकायच्या तयारीत होतो. पण त्याने कपाटातून चाकांसाठी आणलेला एक नवा कोरा गिअरबॉक्स काढला. त्यावर कागदी सील होतं, आणि ते तोडलं तर दुकानदार बदलून देणार नव्हता.

"दादा, नको तोडू. ऐन स्पर्धेत बिघडला तर?"

"बिघडला तर तू आहेसच की," तो म्हणाला आणि त्याने सील फाडलं.

झाकण निघालं. कानसने आतलं चाक बोटाने हलवलं, तर ते जरासं डुगडुगलं. "हा तर ढिला आहे," ती म्हणाली. मग तिने पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. "ढिला नाही. मुद्दाम जागा ठेवलीय. दादा, मी ती ठेवलीच नाही. खडखड झाली की तू नावं ठेवशील म्हणून मी चाकं घट्ट बसवली."

भाऊ ओशाळला. तो खाली बसला आणि मुकाट्याने वाळू गोळा करू लागला.

मग माझा दुसरा जन्म झाला. नव्या पट्ट्या कापल्या. दोन चाकांच्या दातांमध्ये कागदाची पट्टी धरून कानसने भोकांच्या जागा ठरवल्या, चाकं बसल्यावर कागद काढून घेतला. कागदाएवढी मोकळीक राहिली. या वेळी भाऊ तिच्याबरोबर कानस चालवत होता, आणि ती त्याला हसत होती.

स्पर्धेत मी असा काही खडखडलो की पहिल्या रांगेतली मंडळी हसली. कानसने घाबरून भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "वाजू दे." चाकांपाशी बसवलेल्या माझ्या विकतच्या दोघा भावंडांनी यंत्राला चढावर नेलं आणि मी पेटी फळीवर ठेवली. पहिला नंबर आला नाही. पण परतताना भावाने मला मांडीवर घेतलं होतं, त्यापुढे नंबराचं काय घेऊन बसलात?

नंतर मात्र माझा सत्कार झाला आणि तोच मला भोवला. कोणीतरी हौसेने मला सोनेरी रंग फासून काचेच्या कपाटात ठेवलं. रंग दातांत वाळला. वर्षानुवर्षं मी चमकत होतो आणि जागचा हलत नव्हतो. मला फार एकटं वाटायचं.

परवा कपाट उघडलं. समोर कानस. आता ती मोठी झाली आहे आणि याच कार्यशाळेत मुलांना शिकवायला आली आहे. तिच्यामागे मुलांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. विकत घ्यायचा की बनवायचा? "ताई, तुम्हीच सांगा," मुलं म्हणाली.

तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं. "आधी हा उघडा, साफ करा. मग भांडा."

मुलांनी माझ्या दातांतला रंग खरवडला, वंगण घातलं. कानसने दांडा फिरवला. मी खडखडलो. तिने फोन लावून माझ्याजवळ धरला. "दादा, ऐक."

तिने दांडा पुन्हा एकदा फिरवला. मग पलीकडून ओळखीचा आवाज आला, "अजून वाजतोय? म्हणजे ठीक आहे तो."

मित्रांनो, विकतचा असो की हाताने केलेला, आम्हाला कपाटात बसवू नका. आम्हाला उघडा, वंगण घाला, कामाला लावा. आणि तुमच्यापैकी कोणी भीतभीत काही बनवून आणलं आणि ते जरा वाजलं, तर लगेच हसू नका. आधी त्याच्यावर ओझं ठेवून बघा.