ठिपकेवाल्या पानाचे तुकडे

आमचं मागचं अंगण म्हणजे सात पावलं लांब, चार पावलं रुंद. तिन्ही बाजूंना भिंती. ऊन सकाळी साडेनऊला येतं आणि पत्ता चुकल्यासारखं दहाला निघून जातं. पण आमची भिंगरी रांगायला लागल्यापासून तेच तिचं मैदान. वय अकरा महिने, दात चार, आणि जगाची ओळख ती तोंडानेच करून घेते. चपला, चाव्या, एकदा तर जिवंत मुंगळा. त्यामुळे "मागे जरा झाडं लावू" असं नवरा म्हणाला तेव्हा मी लगेच विचारलं, "कुठली?"

"हिरवी," तो म्हणाला. "तू पोलिसात जायला हवं होतंस."

नर्सरीत अंगणातल्या सावलीचं सांगून मी एकेका कुंडीपाशी थांबून विचारत गेले, "मामा, हे चालेल?"

"चालतं, ताई."

"आणि हे?"

"एकदम चालतं."

इतकं सगळंच चालतं म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी एक फर्न, एक स्पायडर प्लांट आणि मोठ्या पानांवर पांढरे ठिपके असलेलं एक झाड घेतलं. त्याचं नाव विचारलं तर मामा म्हणाले, "ठिपकेवाला." घरी येऊन फोनवर शोधलं, तर ठिपक्यांच्या झाडांचे शंभर फोटो आले आणि मला त्यातली निम्मी आपलीच वाटली.

"तुझ्या संशयानेच सुकेल ते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या जिभेला हाड नाही. राँग नंबर लागला तरी समोरच्याची खुशाली विचारून घेतात.

दोन दिवसांनी कोपऱ्यासाठी आणखी एक कुंडी हवी म्हणून भिंगरीला त्यांच्याकडे ठेवून पुन्हा नर्सरीत गेले. मामांची नात तिथे रोपांमधून रांगत होती. भिंगरीएवढीच. खाली सगळे फर्न होते आणि ठिपकेवाले मात्र सगळेच्या सगळे वरच्या फळीवर, माझ्याही हाताला न येणारे.

"मामा, हे वर का ठेवलंत?"

"नात आहे ना. पान चावलं तर तोंड सुजतं पोरांचं. अळूच्या जातीतलं आहे ते, लई खाजरं."

"मग मला चालतं कसं म्हणालात?"

"सावलीत चालतं, ताई. तुम्ही सावलीचंच विचारत होतात ना?"

मी मुलीचं बोलले होते का? मनात हजार वेळा बोलले होते. तोंडाने बोलले की नाही, ते शपथेवर सांगता येईना. तिथूनच घरी फोन लावला.

"आई, भिंगरी कुठाय?"

"हं."

"अंगणात आहे?"

"अं-हं."

"त्या ठिपक्यांच्या झाडाला हात लावू देऊ नका. ऐकताय ना?"

फोन बंद झाला. सासूबाईंनी दोन हुंकारांत फोन संपवला! काहीतरी झालंय आणि माझ्यापासून लपवलं जातंय, याबद्दल मला शंका उरली नाही. दहा मिनिटांचा रस्ता मी पाचात कापला.

अंगणाच्या दाराला आतून कडी. भिंगरी चटईवर बसून डबा वाजवत होती, पण अंगात दुसराच फ्रॉक. कडी काढून पाहिलं तर कुंडी अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर चढलेली आणि एक पान अर्धवट फाटलेलं. सासूबाई बेसिनपाशी पाठमोऱ्या, तोंडावर रुमाल.

मी भिंगरीच्या तोंडात बोट घातलं. ती कडाडून चावली. लाळ नाही, सूज नाही.

"आई, फ्रॉक का बदलला?"

त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. दुधाने माखलेला फ्रॉक.

"पान कुणी फाडलं? खरं सांगा, मी चिडणार नाही," मी चिडून म्हणाले.

त्यांनी रुमाल काढला. ओठ टरटरून सुजलेले, जीभ तोंडात मावत नव्हती.

"मी थाखलं," त्या म्हणाल्या.

"चाखलं? अहो, तोंडात कशाला घालायचं?"

"मग कुनाच्या घालू?"

मी डॉक्टरांना फोन लावला. थंड पाण्याने चुळा भरा, बर्फ चघळा, सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक घेऊन या, असं डॉक्टर म्हणाल्या. मग विचारलं, "बाळाच्या तोंडात गेलं नाही ना?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही.

"नक्की?"

पुन्हा नाही. मग मान थांबली. खुणांनी, तोतऱ्या शब्दांनी त्यांनी सांगितलं ते असं: भिंगरीने पान ओढलं, ते फाटलं, त्यांनी तुकडा हिसकावला, कुंडी वर ठेवली. ती ठेवताना पाठ वळली होती. जरा वेळच.

रुमालात गुंडाळलेला तुकडा त्यांनी काढून दिला. टोकाला त्यांच्या दातांची खूण. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मी तो झाडावरच्या पानाला जोडून पाहिला. मध्ये अंगठ्याच्या नखाएवढी जागा रिकामी राहिली.

भिंगरी डबा वाजवत होती, हसत होती. पण ते हसू मला कशाचाच पुरावा वाटेना. मी तिला चटईसकट दारात आणून बसवलं, जिथून तिचं तोंड दिसेल, आणि अंगणात गुडघ्यांवर बसले. फरशी, कोपरे, फर्नच्या खालची माती. शेजारी धप्प आवाज झाला. गुडघे दुखतात म्हणून जिनाही टाळणाऱ्या सासूबाई गालात बर्फ धरून माझ्याबरोबर रांगत होत्या.

"तुम्ही बसा आत."

"तू तिथं बघ. मी इथं."

नळाखालच्या जाळीत काहीतरी पांढरं-हिरवं चिकटलं होतं. काडीने ओढून काढलं. नखाएवढा तुकडा. कडा फाटलेल्या, पण दाताची एकही खूण नाही. मी उठले, टाकीपाशी गेले आणि तो मधल्या जागेत लावून पाहिला. बसला.

"बसला, आई."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, आपल्या हाताला चढवली, चष्मा पुसला आणि तुकडा स्वतः लावून पाहिला.