टोलफसनबाईंचं लांबलेलं भाषण

सिनेटर व्हर्ना टोलफसन सकाळी दहाला बोलायला उभ्या राहिल्या. संध्याकाळी पाचपर्यंत त्या खाली बसणार नाहीत हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. १९९४ सालच्या अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. पाचला सभापतींचा हातोडा पडला की तोवर मंजूर न झालेलं विधेयक मेलं. मतदान झालं असतं तर बाई हरल्या असत्या, म्हणून मतदानच होऊ द्यायचं नाही, बोलत राहायचं. याला फिलिबस्टर म्हणतात, पण आमच्या राज्याच्या सिनेटमध्ये हा शब्द फक्त वर्तमानपत्रवाले वापरायचे. विरोधक म्हणायचे गुऱ्हाळ. बाई स्वतः हसून म्हणायच्या, "मी आपलं दळण मांडलंय."

मी सभागृहाची लघुलेखिका. बावीस वर्षं सभापतींच्या खालच्या टेबलाशी बसून प्रत्येकाचा शब्द न् शब्द यंत्रावर उतरवत होते. चांगल्या लघुलेखिकेला ऐकू येतं आणि बोटं चालतात, मध्ये ती स्वतः कुठे नसते. मला त्याचा अभिमान होता.

विधेयक साधं होतं. नदीकाठचं जुनं सरकारी निवासगृह सात वर्षांपूर्वी बंद झालं होतं. ज्यांना त्या काळी मतिमंद म्हणून बाजूला ठेवत, ती माणसं तिथे राहायची. ती जमीन एका कंपनीला विकायची. मागच्या बाजूला कब्रस्तान होतं, तीनशे शहाऐंशी सिमेंटचे ठोकळे, ठोकळ्यांवर नुसते आकडे. ते सगळं उकरून एकाच खड्ड्यात हलवायचं, असं कलम चारमध्ये लिहिलं होतं. विधेयक मांडणारे कर्टिस ब्रँडव्होल्ड माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्या भागात कामं नव्हती आणि कंपनी दोनशे नोकऱ्या देणार होती.

नियम कडक होते. बसायचं नाही, टेकायचं नाही, विषय सोडायचा नाही. तिसऱ्या ताकिदीला सभापती खाली बसवणार आणि मतदान घेणार. अकरा वाजता बाईंनी निवासगृहाच्या स्वयंपाकघरावरून मावशीच्या घेवड्याच्या भाजीवर उडी मारली, तेव्हा पहिली ताकीद मिळाली. दुपारी गाईच्या पोटात आडव्या आलेल्या एका वासराची गोष्ट रंगली, तेव्हा दुसरी.

"बाई, पुढच्या वेळी मी हसणार नाही हं," सभापती मर्ल हचेन्स म्हणाले.

मग बाईंनी एक निळी वही काढली. निवासगृहातल्या एका निवृत्त नर्सने ती स्वतःच्या घरात जपून ठेवली होती. ठोकळ्यांवरचे आकडे आणि त्यांच्यासमोर नावं.

"कलम चार ज्यांना हलवणार आहे, ती माणसं अशी," म्हणत त्यांनी क्रमांक एकपासून वाचायला सुरुवात केली. नाव, वडिलांचं नाव, गाव, कधी आणलं, कधी गेलं. सदस्य पेंगायला लागले. माझी बोटं चालू होती.

पावणेतीनच्या सुमारास बोटं थांबली.

का थांबली हे मला आधी कळलंच नाही. बाई पुढचं नाव वाचत होत्या आणि माझ्या यंत्रातून कागद येत नव्हता. त्याच वेळी ब्रँडव्होल्ड उठले.

"सभापती महोदय, हरकत आहे! हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. ही नावं कोणाची? इतक्या वर्षांत एक तरी नातेवाईक पुढे आलाय? यांचा विधेयकाशी काय संबंध?"

मर्लनी चष्मा वर केला. त्यांचंही लक्ष नव्हतं. "डार्लीन, बाई शेवटचं काय म्हणाल्या ते वाच बरं."

हे माझं नेहमीचं काम. मी यंत्रातली कागदाची पट्टी उचलली आणि वाचलं.

"क्रमांक दोनशे चौदा. रोझली व्होसिका. वडील अँटोन व्होसिका, गाव केसलर. आणलं १९५०, वय सहा, कारण झटके. मृत्यू १९६१."

"पुढे?"

"पुढचं मी घेतलेलं नाही."

"म्हणजे?"

बावीस वर्षांत त्या सभागृहात मी माझं स्वतःचं एक वाक्य बोलले नव्हते. "अँटोन व्होसिका माझे वडील," मी म्हणाले. "केसलरमध्ये व्होसिकांचं दुसरं घर नव्हतं. मी एकुलती एक आहे. म्हणजे... मला तसंच सांगितलं होतं."

टोलफसनबाईंच्या हातातली वही खाली आली. मी लग्नानंतरची डार्लीन प्रुइट, त्यांना कसं कळणार? त्यांचा हात बाकाच्या कडेकडे गेला, पण टेकायच्या आत त्यांनी तो मागे घेतला. टेकल्या असत्या तर तिसरी ताकीद होती.

"डार्लीन," त्या पुटपुटल्या, "अगं, मला खरंच..."

"मला माहीत नव्हतं," ब्रँडव्होल्ड म्हणाले.

"मलाही नव्हतं," मी म्हणाले.

मर्लनी उचललेला हातोडा खाली ठेवला. ते म्हणाले, "नावांचा विषयाशी संबंध आहे. हरकत फेटाळली. ग्लेनला बोलवा. डार्लीन, तू जा."

बदली लघुलेखक ग्लेनने यंत्र घेतलं. मी बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून बाईंचा आवाज येत होता. तो फाटला होता, पण थांबत नव्हता. दोनशे साठ. तीनशे दोन. पाच वाजले तेव्हा त्या तीनशे एकोणपन्नासवर होत्या. हातोडा पडला आणि विधेयक मेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढच्या वर्षी ब्रँडव्होल्डनी तेच विधेयक पुन्हा आणलं, कब्रस्तान वगळून, आणि ठोकळ्यांवर नावं कोरायची तरतूद घालून. ते एकमताने मंजूर झालं. पण तोवर वर्ष जायचं होतं. मला दुसऱ्याच दिवशी आईकडे जायचं होतं.

आई तेव्हा पंचाऐंशीची, केसलरच्या वृद्धाश्रमात. खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिथे तिला एवढंच काम करू द्यायचे.

मी कोट न काढताच विचारलं, "आई, रोझली कोण?"

तिचा हात थांबला नाही. आणखी दोन शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"सिनेटमध्ये वाचलं. सगळ्यांसमोर. मीच वाचलं."

"डॉक्टर म्हणाले, धाकटीला धोका आहे. झटका आला की ती हातपाय झाडायची, आणि तू तिच्या कुशीत झोपलेली असायचीस. तुझे वडील तिला घेऊन गेले. परत येऊन म्हणाले, आता हे नाव घरात नको."

"तू कधी भेटायला गेलीस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा तिने मला ओळखलं नाही." आईने भांडं बाजूला ठेवलं. "तू तीन वर्षांची होतीस. रोज दारात उभी राहून विचारायचीस, रोझी कुठेय? रोझी कुठेय? चार महिने. मग एक दिवस विचारलं नाहीस. त्या दिवशी मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, डार्लीन. देवाची शपथ, मी केक केला."

मला काही आठवेना. चेहरा नाही, आवाज नाही.

"सोल ना थोडे," आई म्हणाली, आणि शेंगांची पिशवी तिने माझ्याकडे सरकवली.