उजव्या समासातला डाग

तीन आठवडे झाले, पाणीपुरवठा कार्यालयातला लेझर प्रिंटर कागदांवर काळं ओकत होता आणि हेडक्लार्क भाऊ त्याला कोणाला हात लावू देत नव्हते. कागद बाहेर यायचा तोच धुरकट, आणि अक्षरांवरून बोट फिरवलं की पावडर हाताला लागायची. नोटिसांवरचे एक आणि नऊ सारखेच दिसायला लागले. लोक खिडकीशी येऊन भांडत होते. तरी भाऊंनी मशीनवर चिठ्ठी डकवली होती, 'हेडक्लार्कच्या परवानगीशिवाय उघडू नये.' ती मात्र त्यांनी हाताने लिहिली होती, कारण ती लोकांना वाचता यायला हवी होती.

मशीन साफ करायचं नाही, कारण ते पुरावा होतं.

झालं होतं असं. भाऊंचं नाव अधीक्षकाच्या जागेसाठी वर गेलं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, चढायची एवढी एकच पायरी राहिलेली. तेवढ्यात साहेबांना टपालाने निनावी पत्र आलं. साहेबांनी भाऊंना आत बोलावलं, पत्र हातात ठेवलं आणि म्हणाले, "वाचा आणि विसरून जा." वाचणं जमलं. विसरणं मात्र भाऊंच्या स्वभावातच नव्हतं. लहानपणी खेळताना कोणी कोणाला फसवलं हे ज्याला पन्नाशी उलटल्यावरही तारखेसकट आठवतं, तो असलं पत्र कसला विसरतोय?

पत्र छापील होतं आणि चारच ओळींचं होतं. 'हेडक्लार्कना नव्या यंत्रांमधलं काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कळत नाही हे ते कबूल करत नाहीत. अशा माणसाला अधीक्षक करू नये. आपला, एक हितचिंतक.'

त्या संध्याकाळी भाऊ ते पत्र घरी आणून जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसले. पत्राच्या उजव्या समासात, मध्याच्या जरा खाली, एक लांबट करडा डाग होता. भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी बॅगेतून ऑफिसची पत्रकं काढून शेजारी मांडली. पहिल्यावर तसाच डाग. दुसऱ्यावर तसाच. बारा कागद, बाराही ठिकाणी उजवा समास, मध्याच्या जरा खाली.

"सापडलं!" भाऊ ओरडले.

"काय सापडलं?" बायकोने आतून विचारलं.

"हे पत्र आमच्याच मशीनवर छापलंय. मशीनची खूण आहे त्याच्यावर."

"बरं झालं. आता त्या मशीनला सांगा, माझ्या कपांच्या कानांना काळं लावू नको म्हणावं. लाइटची बटणं बघा, कपाटाची दारं बघा. काल तर उशीचा अभ्रा! ऑफिसात लिहायला जाता का कोळसा फोडायला?"

भाऊंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. शोध लागलेल्या माणसाला अभ्र्याचं काय!

आता प्रश्न उरला, छापलं कोणी? त्या मशीनवर छापणारी माणसं तीन. साहेब स्वतःलाच निनावी पत्र पाठवणार नाहीत. भाऊ स्वतःविरुद्ध लिहिणार नाहीत. राहिल्या अक्का.

अक्का म्हणजे ऑफिसच्या टायपिस्ट, भाऊंपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. एकोणीस वर्षं दोघांची टेबलं एकमेकांना लागून होती. भाऊ नाहीत तर अधीक्षकाच्या जागेवर पुढचं नाव अक्कांचंच होतं, हे भाऊंना आत्ता आठवलं. मग एकेक आठवतच गेलं. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस भाऊंचं सगळं काम अक्कांनी ओढलं होतं आणि साहेबांना त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. तेव्हा भाऊंचे डोळे भरून आले होते. आता त्यांना वाटलं, पत्ता लागू न देता कामं उरकायची सवय आहे या बाईला.

एकदा संशय शिरला की माणसाला सगळं सरळसुद्धा वाकडं दिसतं. अक्का फोनवर हळू बोलल्या तर हळू का, मोठ्याने बोलल्या तर हे मला ऐकवायला. डबा खाताना त्यांनी नेहमीसारखी चटणी पुढे केली, तर भाऊंनी 'पित्त झालंय' म्हणून हात मागे घेतला.

त्यातच एका दुपारी भाऊ जेवणाच्या सुट्टीतून लवकर परतले, तर अक्का मशीनचं पुढचं झाकण उघडून वाकलेल्या. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फडकं.

"काय चाललंय?" भाऊंचा आवाज चिरकला.

"बरं झालं आलात. अहो, आत बघा ना किती पावडर सांडलीय! कार्ट्रिज भरून देणाऱ्याने गळ्यापर्यंत भरलंय, तेच गळतंय. कोरड्या फडक्याने जरा पुसून घेतलं की..."

"काही पुसायचं नाही."

"का पण?"

"आहे कारण."

अक्कांनी झाकण लावलं आणि ब्रश आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवसापासून भाऊ त्या ड्रॉवरवर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवायला लागले. चिठ्ठी डकवली ती त्याच दिवशी.

पुढच्या आठवड्यात ते पत्र आणि बारा कागद घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. डाग दाखवला, जागा मोजून दाखवली, पुरावा पुसायचा प्रयत्न कसा झाला तेही सांगितलं. साहेबांना भांडणं नको होती. त्यांनी ऑर्डर काढली: सोमवारपासून अक्कांनी नदीपलीकडच्या मीटर गोदामात बसावं, कामाच्या सोयीसाठी. गोदामात पत्र्याखाली एक टेबल, जुने मीटर आणि पाली. पत्र कोणाचं, असा शब्दही साहेबांनी अक्कांकडे काढला नाही, पण ऑफिसात भिंतींना कान असतातच. अक्कांनी ऑर्डर वाचली, सही केली. त्यांनी ब्र काढला नाही, आणि भाऊंना तो कबुलीजबाब वाटला.

आता पुरावा जपायची गरज नव्हती. शुक्रवारी सकाळी साहेबांनीच मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक जाडजूड, बडबड्या गृहस्थ होता. त्याने आधी प्लग काढला. "थोडं थांबू. आतला रोलर चटका देतो." मग कार्ट्रिज बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं, उजेड लागू नये म्हणून. आत डोकावून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, कोळशाची खाणच आहे! कधीपासून असं?"

"तीन आठवडे," अक्का आपल्या टेबलावरून म्हणाल्या. त्या कागद आवरत होत्या.

मेकॅनिकने छोट्या मशीनने पावडर ओढून घेतली, मऊ ब्रशने कोपरे झाडले, कोरड्या फडक्याने रोलर हलके पुसले. भाऊ शेजारी वाकून प्रत्येक गोष्टीत नाक खुपसत होते, मधूनच एखादा भाग उचलून बघत होते. "पाणी नाही का लावायचं?" त्यांनी विचारलं.

"छे! हात धुतानाही गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ही पावडर चिकटून बसते." मेकॅनिकने नवं कार्ट्रिज बसवलं आणि कोरे कागद सोडले. पहिले तीन करडे आले, सातवा स्वच्छ. मग त्याने एक नोटीस छापून काढली. पांढरा शुभ्र कागद, काळी ठसठशीत अक्षरं, समास कोरा.

भाऊंनी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि समाधानाने टेबलावर ठेवला.

मेकॅनिक म्हणाला, "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"अंगठा फिरवलात की. बघा."

उजव्या समासात, मध्याच्या जरा खाली, लांबट करडा डाग होता.

"छाप अजून एक," भाऊ म्हणाले. दुसरा कागद आला, कोरा करकरीत. भाऊंनी या वेळी स्वतःच्या हाताकडे बघत तो उचलला. चार बोटं कागदाच्या मागे गेली आणि अंगठा आपणहून पुढे येऊन समासावरून खाली घसरला. नोकरीला लागले तेव्हा दौत आणि टाक होता. शाई वाळली का, हे असं बघायला त्यांच्या पहिल्या हेडक्लार्कने शिकवलं होतं. पस्तीस वर्षं अंगठा तेच करत होता आणि मालकाला खबर नव्हती.

तीन आठवडे तो अंगठा पावडरीने माखलेला होता. ते पत्र साहेबांनी त्यांच्या हातात दिलं होतं, त्यांनीच ते उचलून वाचलं होतं.

अक्का तिकडे ड्रॉवर रिकामा करत होत्या. नाही सांगितलं तर कोणाला कळणार होतं? मेकॅनिक आपली बॅग भरून जाणारच होता. पण सांगायचं झालं तर साहेबांसमोर उभं राहून पत्रातला शब्दन्‌शब्द आपल्याच तोंडाने खरा करून दाखवावा लागणार होता. यंत्रातलं कळत नाही, आणि कळत नाही हे कबूल करत नाहीत. भाऊ दहा मिनिटं खुर्चीत बसून राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग ते उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. "मलाही वाटलंच. मी वाचलं तेव्हा डाग नव्हता बहुतेक."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या खात्रीने सांगत होतात!" साहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "ऑर्डर रद्द करतो. पण अधीक्षकाचं आता... तुम्हीच बघा ना. वर मी काय लिहू?"

भाऊंनी मान हलवली. त्याचं दुःख करायला पुढची चार वर्षं होती. ते लगबगीने बाहेर आले. अक्कांची पिशवी भरून झाली होती.

"अक्का, तुम्हाला जायला नको. ऑर्डर रद्द झाली. तो डाग मशीनचा नव्हताच, माझ्या अंगठ्याचा होता. माझीच चूक. मी साहेबांना सगळं सांगून आलो."

"ऐकलं मी," अक्का म्हणाल्या. "मघाशी दिसलंही."

"मग पिशवी ठेवा खाली."

"नको. मीटर बरे. ते माझ्या ड्रॉवरवर नजर ठेवून बसणार नाहीत." त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली. "तीन आठवडे हातभरावर बसला होतात, भाऊ. एकदा तोंडाने विचारायचं होतं."

भाऊंना खूप काही बोलायचं होतं. ऑपरेशनचे अकरा दिवस, डब्यातली चटणी, एकोणीस वर्षं. अक्का दाराशी पोचल्या तेव्हा कुठे ते बोलले.

"पण मग अक्का... ते पत्र तुम्ही नाही ना लिहिलंत?"

अक्का उंबऱ्यावर थांबल्या. त्यांनी वळून भाऊंकडे नीट पाहिलं.

"येते, हेडक्लार्कसाहेब," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.