सायकल परत करायची राहिली

भिंगरीला एका जागी बसता येत नसे. शाळेत बाकावर बसली तरी बाकाखाली तिचे पाय चालूच. जेवायला बसली की एक घास ताटाशी, दुसरा खिडकीशी आणि तिसरा थेट दारात. आजोबांनी तिचं नाव भिंगरी पाडलं ते उगाच नाही. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं.

पण त्या दिवशी घरात चैन पडत नव्हती ती आजोबांना. सैन्याच्या कार्यालयातून पत्र आलं होतं. डोंगरात रस्ता रुंद करताना जुन्या लढाईतल्या एका सैनिकाची हाडं सापडली होती. ती आजोबांच्या सख्ख्या काकांची असू शकतील, तरी रक्ताच्या नातेवाइकांनी नमुना द्यावा, असं त्यात लिहिलं होतं.

काका गेल्याची तार आली त्याच वर्षी आजोबा जन्मले, म्हणून त्यांना काकांचंच नाव ठेवलं. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याच्या नावाला आजोबा जन्मभर ओ देत आले होते. पत्र वाचून त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कार्यालयाला फोन लावला. जणू नमुना फोनवरूनच द्यायचा होता.

"आजोबा, तुमचा नमुना चालणार नाही हो," पलीकडची मुलगी म्हणाली.

"का? मला मधुमेह आहे म्हणून?"

"नाही नाही. आम्हाला डीएनएमधली आईकडून येणारी खूण जुळवायची आहे. तुमच्या काकांना ती त्यांच्या आईकडून मिळाली. तुमच्या वडिलांनाही मिळाली, पण पुरुषाकडून ती पुढे जात नाही. तुमच्यात आहे ती तुमच्या आईची. काकांना बहीण होती का? तिची मुलगी, नात, असं कुणी आहे का?"

आजोबांचं तोंड एवढंसं झालं. महिनाअखेरीला सैन्याच्या दफनभूमीत दफन होतं. तोवर खूण जुळली तर कबरीच्या दगडावर नाव येणार होतं, नाही तर दगड कोराच राहणार होता.

"नाव मी घालून फिरतोय," फोन ठेवून आजोबा म्हणाले, "आणि त्याच्या उशाशी कोरा दगड."

त्यांनी आणि भिंगरीने वर भिंतीकडे पाहिलं. तिथे झाड होतं. आजोबा मोजणी खात्यात नकाशे काढायचे, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ काढली होती. नऊ पिढ्या होत्या, फांद्या कशा पट्टीने मारलेल्या, शाईचा एक डाग नाही. आणि एक बाईही नाही.

"आजोबा, तुम्हाला आई होती ना?"

"आगाऊपणा करू नकोस."

"झाडावर दिसत नाही म्हणून विचारलं. तुम्ही आपले डायरेक्ट पणजोबांना लटकलाय."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. बाई काही दिसली नाही. "आत्या होती," ते म्हणाले. "लग्न होऊन गेली. मग मला कळायच्या आतच त्या घराशी बोलणं बंद झालं. कशावरून ते आम्हा पोरांना कोण सांगतंय?"

"मी शोधते," भिंगरी म्हणाली, आणि ती चपला घालूनच बोलत होती.

आता, मागच्या वर्षीपर्यंत हीच भिंगरी दुकानात सुटे मागायलाही आईला पुढे करायची. पण शाळेच्या वादविवादात तिने वरच्या वर्गातल्या एका मुलाला गप्प केलं होतं, आणि तेव्हापासून तिची भीड अशी काही चेपली होती की नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत तिचं डोकं आधी गेलं आणि नमस्कार मागून.

खिडकीतल्या बाई रजिस्टरं काढून देता देता म्हणाल्या, "आत्या शोधतेस? काका शोधायला सांगितलं असतंस तर चहा निवायच्या आत दिला असता."

खरंच होतं ते. पुरुषांची आडनावं शेपटीसारखी मागे राहतात, ती धरली की माणूस सापडतो. बायका दर पिढीला वेश बदलून पसार. भिंगरी उभ्यानेच पानं उलटत होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आत्याबाईंच्या लग्नाची नोंद हाताला लागली, आणि तिचे दोन्ही पाय थांबले.

साक्षीदाराच्या चौकटीत काकांची सही होती. चौकटीत म्हणजे, सुरुवात चौकटीत. मग ती रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात शिरली होती आणि पुढच्या जोडप्याच्या नोंदीवर जाऊन संपली होती. सहीखाली लिहिलं होतं, 'वधूचा भाऊ, रजेवर.' झाडावर काकांचं नाव आणि दोन सालं होती, बस. इथे मात्र घाईत असलेला एक मुलगा होता.

"साक्षीदाराने चौकटीत सही करायची असते," बाई डोकावून म्हणाल्या.

"भेटले की सांगते त्यांना."

पुढे गाडी सुसाट सुटली. आत्याबाईंचं नवं आडनाव, त्यांच्या मुलीचा जन्म, त्या मुलीचं लग्न आणि तिसरं आडनाव, मग तिच्या मुलीचा जन्म. ह्या शेवटच्या मुलीचं लग्न काही सापडेना. पुन्हा पुन्हा पानं उलटून भिंगरीचं डोकं उठलं. मग लक्षात आलं की तिने लग्न केलंच नव्हतं, म्हणजे आडनावही बदललं नव्हतं. आणि ते आडनाव भिंगरी रोज शाळेला जाता-येता वाचत होती, एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर.

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई उंच होत्या, केस बारीक कापलेले. त्यांच्या गाडीत चाकामागे एक दातांचे डॉक्टर बसले होते. लोकांच्या तोंडात सुया खुपसताना न घाबरणारा हा माणूस स्टीअरिंग धरून घामाघूम झाला होता.

"बोलायचंय? मागे बस. माझा तास चालू आहे," बाई म्हणाल्या.

गाडी गचके खात निघाली. भिंगरीने मागच्या सीटवरून सगळं एका दमात सांगितलं, डोंगर, हाडं, आईची खूण, महिनाअखेर.

"क्लच," बाई म्हणाल्या.

"अं?"

"तुला नाही. डॉक्टर, क्लच दाबा, त्याला दुखत नाही. हं. तर मी तुझी कोण?"

"तुमच्या आईचे मामेभाऊ म्हणजे माझे आजोबा. म्हणजे ते तुमचे मामा. म्हणजे तुम्ही माझ्या आत्या."

"आणि अचानक एवढं प्रेम का, तर माझी थुंकी हवी."

"थुंकी नाही, गालाच्या आतून कापूस फिरवायचा. दुखत नाही."

बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. डॉक्टरांचं नाक स्टीअरिंगला टेकलं.

"सायकल आणलीस?" बाईंनी विचारलं.

"कुठली सायकल?"

"हे बघा. हिला सायकलही माहीत नाही," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टरांनी अपराध्यासारखी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हती.

मग बाईंनी सांगितलं. त्यांची आजी टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती, आणि लग्नानंतरही ती तिने सोडली नव्हती. पहाटेची पाळी, ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून पगारातून तिने सायकल घेतली होती. भाऊ रजेवर आला की तिच्याकडेच उतरायचा. उभ्याने जेवायचा, बोलता बोलता दार उघडायचा, मिटायचा. जायच्या दिवशी उशीर झाला म्हणून तिचीच सायकल घेऊन स्टँडवर गेला. "पेपरवाल्याकडे ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा, हवा भरलीय," एवढं बोलून गेला तो गेलाच. संध्याकाळी आजी स्टँडवर पोचली तर सायकल नव्हती. दुसऱ्या भावाने, म्हणजे भिंगरीच्या पणजोबांनी, ती आधीच घरी नेली होती. पुढे तार आली. त्यानंतर पणजोबा ती सोडीनात. त्याच्या हातची शेवटची वस्तू, म्हणाले.

"त्याच्या हातची असेल, पण सायकल आजीची होती," बाई म्हणाल्या. "भाऊ तिचाही गेला होता ना? मग इरेला पेटली. नोकरी संपेपर्यंत पायी गेली, पण दुसरी घेतली नाही. आमच्या घरात अजून काही हरवलं की म्हणतात, गेलं मामाच्या सायकलमागे."

भिंगरीला हसू आलं, ते तिने घाईघाईने गिळलं.

"तुमच्या वंशावळीत आजी आहे?"

भिंगरीने तोंड उघडलं. वादविवादातलं एकही वाक्य मदतीला येईना.

"बघ. आजी नाही, सायकल नाही, आणि आता कापूस घेऊन दारात. आधी सायकल आणा, मग बघू. उतर इथे. आणि डॉक्टर, तुम्ही रडताय का?"

"घाम आहे," डॉक्टर म्हणाले.

भिंगरी घरापर्यंत पळत गेली. सायकल तिला माहीत होती, चांगली माहीत होती. मागच्या पडवीत जुन्या गादीआड ती भिंतीला टेकून उभी असायची, मधला दांडा नसलेली, बायकांची. आजोबा दर रविवारी तिला फडकं मारायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लहानपणी मी हीच चालवायचो. पोरं चिडवायची, बायकांची सायकल म्हणून. बाबांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या काकांची आहे, मान वर करून चालव. मी आपली मान वर करून चालवली."

"मग आता देऊ या ना परत."

"नाही."

"आजोबा?"

"माझ्याकडे त्याचं काय आहे? फोटो नाही, कागद नाही. नाव आहे, ते मलाच झिजवायला दिलेलं. ही एक वस्तू आहे. तीही देऊ?" त्यांचा आवाज चढला होता. भिंगरीने आजोबांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. एक क्षण तिला वाटलं, आपले पणजोबा असेच बोलले असतील, ह्याच पडवीत.

ती अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. रागही येत होता आणि आजोबांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की तिला पायांचं काय करावं ते कळत नसे. शेवटी दारातूनच म्हणाली, "काकांनी ती उसनी नेली होती, आजोबा. संध्याकाळी घेऊन जा, म्हणाले होते. हवा भरून ठेवली होती त्यांनी. ते काही तिची सायकल लाटायला निघाले नव्हते."

आजोबा सायकलकडे बघत राहिले. सीटवरची धूळ बोटाने पुसली. नव्हतीच धूळ.

"म्हणजे परत करायची त्याचीच राहिली," ते म्हणाले.

"हो."

"ट्यूब कुजल्या असतील. हवा धरणार नाही." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. "नव्या टाकाव्या लागतील. पंप आण, आणि तेलाची बुधली. आणि नाचू नकोस, हात दे."

दुसऱ्या दिवशी दोघं सायकल हातात धरून गावातून निघाले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानातून हाक मारली, "काय आजोबा, ह्या वयात बायकांची सायकल?"

"बायकांचीच आहे," आजोबा म्हणाले. "परत करायला चाललोय." आणि मान वर करून पुढे गेले.

बाई दारातच उभ्या होत्या. आजोबांनी सायकल स्टँडवर लावली, दोन पावलं मागे सरकले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून पाठीमागे बांधले. "तुमची सायकल," ते म्हणाले. "उशीर झाला."

बाई पुढे आल्या. सायकलीभोवती एक फेरी मारली, पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. चाक टणक होतं. घंटी वाजवली. ती आधी खरखरली, मग वाजली.

"मामा," त्या म्हणाल्या, "भाचीला कुणी अहो-जाहो करतं का?"

आजोबांनी पाठीमागचे हात सोडले आणि परत बांधले. भिंगरीने मध्येच पत्रासोबत आलेली कापसाची काडी पुढे केली, कारण कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. आत्याने ती घेतली आणि उभ्यानेच, सायकलच्या सीटवर एक हात ठेवून, गालाच्या आतून फिरवली.

मग आले वाट बघायचे दिवस. भिंगरी फोनभोवती घिरट्या घालायची आणि आजोबा भिंगरीभोवती. झाड भिंतीवरून खाली उतरलं. आजोबा म्हणाले, धूळ झटकायची आहे. ते परत वर चढलं नाही, आणि मोठे कागद कुठे मिळतात याची चौकशी मात्र सुरू झाली. महिना संपत आला तसा फोन आला. खूण जुळली होती.

दफनाला आत्याने आपल्या गाडीतून नेलं. बिगूल वाजला, सैनिकांनी सलामी दिली, आणि गर्दी पांगल्यावर आजोबा दगडासमोर एकटे उभे राहिले. स्वतःचं नाव दगडावर वाचणं कुणालाही सोपं नसतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि अक्षरांवरून हात फिरवला.

"अक्षरं सरळ आहेत," त्यांच्यातला मोजणी खात्याचा माणूस म्हणाला. "सगळी चौकटीत."

भिंगरीला ती पळती सही आठवली. तिचे पाय पुन्हा चुळबुळायला लागले.

आत्या पुढे आली. इकडे तिकडे पाहिलं, मग वाकून दगडाशी हळूच काहीतरी बोलली. भिंगरी जवळच होती, तिला ऐकू आलं.

"सायकल मिळाली," आत्या म्हणाली होती. "हवा होती."

"काय म्हणालीस गं?" आजोबांनी मागून विचारलं.

"काही नाही. चला मामा, तुम्ही मागे बसा. भिंगरी, तू पुढे ये. हात मांडीवर ठेव, कशालाही लावायचा नाही. नुसतं बघून सांग, क्लच कुठला?"